पाण्याखालचं गाव, छातीतली हवा

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. गळ्यापर्यंत चढवलेला काळा वेटसूट, अनवाणी पाय, पायाखाली दवानं भिजलेलं गवत. डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधलेली आहे. डोक्यावरची रबरी टोपी कानांवर इतकी घट्ट बसली आहे की शेजारच्यांचं बोलणं दबून ऐकू येतं. समोर लांबलचक तळं, पलीकडच्या उतारावर ओक आणि बीचची झाडं, मागे चढावर दगडी घर. तुम्ही इंग्लंडमध्ये विल्टशायर काउंटीत आहात. काल्न नावाचं छोटं शहर इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ज्या आवारात तुम्ही उभे आहात ते बोवुड हाउसचं. शेलबर्नचे अर्ल आणि पुढे लॅन्सडाऊनचे मार्क्विस म्हणवल्या गेलेल्या घराण्याकडे ही इस्टेट १७५४ पासून आहे.

आज तुम्हाला १.९ किलोमीटर पोहायचं आहे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आहे आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावायचं आहे. ट्रायथलॉनमधला हा मधला पल्ला. गोव्यात मीरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये याच अंतरांची शर्यत सुरू झाली, तेव्हापासून पुण्या-कोल्हापूर-नाशिकच्या कितीतरी घरांत हे तीन आकडे तोंडपाठ आहेत. अंतरं तुमच्या ओळखीची आहेत, जागा मात्र नवी आहे.

म्हणून एक विनंती करतो. संयोजकांनी दिलेला नकाशा बाजूला ठेवा. आजची वाट मी आखली आहे आणि ती किलोमीटरांतून जाते तशी वर्षांतूनही जाते. बोवुडची ही हिरवळ, हे पाणी, ही झाडी माणसानं मुद्दाम घडवलेली आहे, आणि ती घडवली ती खिडकीत निवांत उभं राहून बघण्यासाठी. माझं म्हणणं असं की खिडकीतून तिचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला कळायला अंगाला घाम यावा लागतो, दम लागावा लागतो.

भोंगा वाजतो.

पहिले दोनशे मीटर विचार करायला वेळ नाही. कुणाची टाच गॉगलवर बसते, कुणाचा हात पाठीवर पडतो. पाणी कपाळाला चावतं. छाती आखडते आणि श्वास घशातच तुटायला लागतो. घाबरू नका. पाण्यात तोंड असताना श्वास पूर्ण बाहेर सोडत राहा, आत घ्यायची काळजी छाती करेल. हळूहळू गर्दी पांगते, हातांना लय सापडते. पाणी हिरवट तपकिरी आहे. स्वतःचा पंजा तेवढा दिसतो, त्यापुढे काही नाही. दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा नारिंगी फुगा शोधायचा आणि पुन्हा मान खाली घालायची.

आता एक गोष्ट लक्षात येईल. फुगा दिसतो, पण तळ्याचं टोक काही दिसत नाही. एक वळण संपतं तिथं दुसरं सुरू होतं. काठावरची झाडं पुढे सरकून पाण्यावर झुकतात आणि त्यांच्या आडून तळं पुढे कुठंतरी गेल्यासारखं वाटत राहतं. एखादी संथ नदी वाहत असावी असा भास होतो. हा भास जाणूनबुजून निर्माण केलेला आहे. लान्सलॉट ब्राउन हे त्याच्या कर्त्याचं नाव. इंग्लंड त्याला ‘केपेबिलिटी ब्राउन’ म्हणून ओळखतं. १७६०च्या दशकात त्यानं इथले ओढे बांध घालून अडवले आणि पाण्याला असा वळणदार आकार दिला की घरातून पाहणाऱ्याला त्याचा शेवट दिसू नये. खिडकीतल्या माणसाला त्यामुळे अमर्याद मालकीचा आनंद मिळतो. पोहणाऱ्याच्या वाट्याला तीच युक्ती वेगळ्या रीतीनं येते. किती उरलं, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही.

तळ्याच्या मधोमध आलात की एकदा खोल श्वास घ्या. इथून आपण १७६६ मध्ये उतरतो.

पाणी ओसरायला लागतं. आधी खांदे उघडे पडतात, मग कंबर, मग पायांना चिखल लागतो आणि तुम्ही एका ओल्या खोलगट दरीत उभे राहता. पानिपत होऊन पाच वर्षं झाली आहेत, पुण्यात एकवीस वर्षांचे माधवराव पेशवे राज्य सावरताहेत. इथं, तुमच्या डोक्यावरच्या उतारावर, माणसं फावडी घेऊन माती खणताहेत. हातगाड्या फळ्यांवरून खडखडत जातात. बांधाच्या पोटात चिकणमातीचा थर घालायचा असतो, आणि तो पाणी धरून ठेवायला हवा तर माती ओली करून तुडवावी लागते, पुन्हा पाणी, पुन्हा तुडवणं, बोटभरही पोकळी राहता कामा नये. त्या काळी यंत्र नाही. एवढं मोठं तळं फावड्यांनी, ढकलगाड्यांनी आणि पायांनी तयार होतं. तुमच्या पोटऱ्या आत्ताच भरून आल्या आहेत ना? मग तुडवणाऱ्यांच्या पायांकडे नीट बघा.

आणि दरीच्या तळाशी बघा. तिथं घरं आहेत. मॅनिंग्ज हिल नावाची ही छोटी वाडी. दगडी भिंती, शेतांचे बांध, दारापुढची वाट. लोक सामान काढताहेत. एक बाई चुलीपाशी उरलेलं काहीतरी कापडात बांधते, एक माणूस दाराची फळी बिजागरीतून सोडवतो, कारण लाकूड पुन्हा उपयोगी पडेल. दगड इथंच राहणार आहेत. थोड्याच दिवसांत या वाटेवर पाणी येईल, उंबऱ्यावर येईल, छपराच्या वरून जाईल. २००७ मध्ये पाणबुडे या तळाशी उतरले तेव्हा घरांच्या भिंती आणि शेतांचे बांध त्यांना सापडले.

उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्या माणसाला मॅनिंग्ज हिल वेगळं समजावून सांगायला नको. एक फरक मात्र मला सोसत नाही. उजनीत बुडालेल्या गावांना निदान सांगितलं गेलं की हे पाणी शेतीला जाईल, विजेला जाईल, शहरांना जाईल. ते दुःख कमी झालं नाही, पण कारण होतं. इथं वाडी बुडाली ती दिवाणखान्यातून पाणी दिसावं म्हणून. ब्राउनची कला मोठी आहे, मी ती मनापासून मानतो. अडीचशे वर्षांनंतरही या उतारावर एक रेघ चुकीची वाटत नाही. आणि त्या कलेखाली उंबरे आहेत, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच वेळी मनात धरूनच हे तळं पोहावं लागतं.

पाणी परत चढतं. छातीशी येतं, गळ्याशी येतं. मान खाली घाला, हात पुढे टाका. तुमच्या पोटाखालून कुणाचं तरी अंगण जातं आहे.

शेवटचा फुगा वळून काठाला लागलात की स्वयंसेवक दंडाला धरून तुम्हाला बाहेर ओढतात. जमीन डोलते. इतका वेळ आडवं वाहणारं रक्त एकदम उभं होतं, त्यामुळे दोन पावलं सावकाश टाका. पाठीमागची चेन खेचा, वेटसूट कमरेपर्यंत सोलत पळत सुटा. सायकलींच्या रांगा समोर आहेत. पहिला नियम ध्यानात ठेवा. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर हवं आणि त्याचं बक्कल लागलेलं हवं.

बक्कल लावताना बोटं थरथरतात. लागलं? आता घराकडे वळा. १ ऑगस्ट १७७४.

आठ वर्षांत तळं भरलं आहे आणि काठावर गवत धरलं आहे. पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवराव साडेतीन महिन्यांचे आहेत, बारभाई त्यांच्या नावानं कारभार हाकताहेत, रघुनाथराव फौज घेऊन फिरतो आहे. इथं बोवुडच्या ग्रंथालयाशेजारच्या एका लहान खोलीत ऊन येण्याची वाट बघत एक माणूस बसला आहे. जोसेफ प्रीस्टली, वय ४१. बोलताना अडखळतो, धर्मोपदेशक आहे, पण अधिकृत चर्चच्या बाहेरचा. त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्याला बंद. शेलबर्ननं त्याला आपलं ग्रंथालय सांभाळायला आणि मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवायला नेमलं आहे. उरलेल्या वेळेत तो हवेवर प्रयोग करतो.

तुम्ही दारात उभे आहात, वेटसूटमधून पाणी ठिबकतं आहे. आत या, तो रागावणार नाही. टेबलावर पाऱ्याचं भांडं आहे, पाऱ्यानंच भरलेली काचेची नळी त्यात उलटी ठेवली आहे आणि नळीच्या वरच्या टोकाला लाल भुकटी तरंगते आहे. पारा हवेत बराच काळ तापवला की ही भुकटी तयार होते. प्रीस्टलीच्या हातात बारा इंच व्यासाचं भिंग आहे. ढग सरकतो. तो भिंग उचलून उन्हाचा ठिपका त्या लाल भुकटीवर आणतो आणि हात स्थिर धरतो. भुकटी तापते, नळीतला पारा खाली सरकायला लागतो. भुकटीतून काहीतरी सुटतं आहे, त्याला रंग नाही, वास नाही. त्यात तो जळती मेणबत्ती धरतो आणि ज्योत अशी भडकते की तो स्वतःच दचकतो.

पुढच्या वर्षी तो एक उंदीर या हवेत ठेवतो. साध्या हवेच्या तेवढ्याच साठ्यात जितका वेळ जगला असता त्याच्या दुपटीच्या आसपास तो उंदीर टिकतो. मग प्रीस्टली नळीतून ही हवा स्वतः ओढून पाहतो आणि नंतर बराच वेळ छाती हलकी आणि मोकळी वाटल्याचं नोंदवून ठेवतो. ही नोंद मला फार जवळची वाटते. यंत्र नाही, मोजमाप नाही, एक माणूस आपल्या बरगड्यांमध्ये काय घडतं ते प्रामाणिकपणे लिहितो आहे. तुम्हीही आत्ता तेच करत आहात.

त्याला अर्थ चुकीचा लागला, हे सांगितलं पाहिजे. जळणारी वस्तू हवेत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी सोडते, आणि ही नवी हवा त्यापासून मुक्त असल्यामुळे ते भराभर शोषून घेते, अशी त्याची समजूत होती आणि ती त्यानं मरेपर्यंत सोडली नाही. स्वीडनमध्ये कार्ल शीलनं हाच वायू त्याच्याही आधी मिळवला होता, पण छापायला उशीर झाला. प्रीस्टली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेलबर्नबरोबर पॅरिसला गेला, तिथं जेवणाच्या टेबलावर त्यानं रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएला आपला प्रयोग सांगितला, आणि लव्हाझिएनं ज्वलनाचं कोडं उलगडून वायूला ऑक्सिजन हे नाव दिलं. पण त्या दुपारी भिंग धरणारा हात या खोलीतला होता.

आता हिशोब बघा. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. समोरच्या ९० किलोमीटरांत, चढावर, तुमच्यासारख्या सराव केलेल्या हौशी माणसाचं शरीर मिनिटाला अडीच ते तीन लिटर वापरेल. शर्यत म्हणजे शेवटी हेच, की हा वायू किती घेता येतो, रक्तातून स्नायूंपर्यंत किती पोचवता येतो आणि हे किती तास चालू ठेवता येतं. ज्या खोलीत तो प्रीस्टलीच्या एका नळीत हाताशी आला, तिच्यापासून थोड्याच अंतरावर तुम्ही दम खात उभे आहात. अशी जागा शोधूनही क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच मी तुम्हाला बोवुडला आणलं.

सायकल उचला. माउंट लाइन ओलांडल्यावरच बसायचं.

आवाराची भिंत मागे पडते. झुडपी कुंपणांमधले अरुंद रस्ते, मग मोकळे उतार, मग वारा. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहायचं नाही. या पल्ल्यात ज्याचा वारा त्यानंच कापायचा असा नियम आहे आणि मोटारसायकलवरचा मार्शल त्यावर नजर ठेवून असतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट पाणी, जेलचं पाकीट, तोंडात चिकट गोडवा. खाण्याचा कंटाळा आला तरी खा. धावताना जे पाय उचलायचे आहेत त्यांना आत्ता जेवू घालायचं असतं.

काल्न ओलांडताना थोडे सावकाश जा, कारण इथं १८३० आहे. या शहराची संसदेतली जागा लॅन्सडाऊन घराण्याच्या खिशात आहे. मतदार मूठभर, आणि घराणं ज्याचं नाव सुचवेल तो निवडून येतो. तिसऱ्या मार्क्विसनं ही जागा एका तिशीच्या आतल्या लेखकाला देऊ केली आहे. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. पुढच्याच वर्षी, मार्च १८३१ मध्ये, अशाच खिशातल्या जागा बंद करणाऱ्या सुधारणा विधेयकाच्या बाजूनं तो ब्रिटिश संसदेत गाजलेलं भाषण करतो. चार वर्षांनी, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, कलकत्त्यात बसून तो हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दलचं आपलं टिपण लिहितो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत आपल्या पोराबाळांना इंग्रजीची पाटी गिरवावी लागते. तुमच्या शाळेच्या दप्तरापर्यंत आलेली एक वाट या रस्त्यावरून निघाली होती. पेडल मारत राहा.

पूर्वेला चेरहिलची टेकडी दिसेल. हिरव्या उतारावर पांढरा घोडा आहे. गवताचा थर सोलला की खाली खडूचा पांढरा दगड लागतो, त्यातून ही आकृती १७८० मध्ये कोरली गेली. काल्नच्या डॉक्टर क्रिस्टोफर आल्सपनं ती कोरून घेतली; लांब उभं राहून तो कर्ण्यातून ओरडून मजुरांना खुणा देत होता असं सांगतात. घोड्याच्या वरच्या बाजूला उंच दगडी स्तंभ आहे. तिसऱ्या मार्क्विसनं १८४५ मध्ये आपल्या पूर्वजाच्या, सर विल्यम पेटीच्या, स्मरणार्थ तो उभारला. पेटी हा मोठा बुद्धिमान माणूस होता, अर्थशास्त्राच्या सुरुवातीच्या विचारवंतांत त्याची गणना होते. आणि १६५५-५६ मध्ये, क्रॉमवेलच्या सैन्यानं आयर्लंड जिंकल्यावर, तिथल्या जमिनी जप्त करून वाटता याव्यात म्हणून जवळपास संपूर्ण देशाची मोजणी त्यानंच केली. त्या कामात त्याला स्वतःला केरी भागात अफाट जमीन मिळाली. घराण्याच्या वैभवाचा पाया तिथं घातला गेला. तुमच्या मनगटावरचं घड्याळ उपग्रहांना विचारून तुमचा प्रत्येक मीटर मोजतं आहे. पेटीचे मोजणीदार साखळ्या ओढत चालले होते, आणि त्यांची साखळी ज्या शेतावरून गेली ते शेत मालकाच्या हातून गेलं.

चढ लागला आहे. गिअर हलका करा, खांदे सैल सोडा. आता एक छोटी उडी, समुद्रापार. २५ सप्टेंबर १९७४, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, मिशन बे. जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनहन या दोन धावपटूंनी एका क्लबतर्फे संध्याकाळी एक विचित्र शर्यत ठेवली आहे. धावायचं, सायकल चालवायची, पोहायचं, सगळं एका दमात. ४६ माणसं आली आहेत. आधुनिक ट्रायथलॉन म्हणून ओळखली जाणारी ही पहिली शर्यत. पोहणं शेवटी आहे, अंधार पडतो, आणि मागे राहिलेल्यांना काठ दिसावा म्हणून मोटारींचे दिवे पाण्यावर सोडले जातात. शर्यतीत उतरलेल्यांत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी आहे. चार वर्षांनी तो हवाईत आयर्नमॅन सुरू करेल. प्रीस्टलीनं भिंग धरलं त्याला त्या उन्हाळ्यात बरोबर दोनशे वर्षं झाली होती. हा योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

परत आवारात. सायकल टांगा, बूट चढवा, धावायला लागा.

पहिला किलोमीटर पाय तुमचे नसतात. तीन तास गोल फिरलेल्या मांड्यांना सरळ पाऊल टाकायचं विसरायला झालेलं असतं. पावलं लहान ठेवा आणि घड्याळाकडे बघू नका. वाट खडीची आहे, मग गवताची, मग पुन्हा खडीची. खिडकीतून सपाट दिसणारी हिरवळ प्रत्यक्षात कशी वर-खाली होते, हे आता कळेल. ब्राउनच्या हाताखालची माती तुमच्या गुडघ्यांतून बोलते.

झाडीत वास्तुकार रॉबर्ट ॲडमनं बांधलेलं समाधिमंदिर आहे. पहिल्या अर्लच्या विधवेनं नवऱ्यासाठी ते उभारून घेतलं. तिथं न थांबता पुढे चला, कारण झाडांखालून जाताना मला तुम्हाला दुसऱ्याच एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. यान इंगेनहूझ, डच डॉक्टर. १७७९ मध्ये त्यानं प्रयोगांनी दाखवून दिलं की झाडाची हिरवी पानं उन्हात ही जीवनदायी हवा सोडतात आणि अंधारात सोडत नाहीत. सप्टेंबर १७९९ मध्ये तो याच बोवुडमध्ये पाहुणा असताना वारला, काल्नमध्ये त्याला पुरलं. हवा ओळखणारा आणि ती कुठून येते हे शोधणारा, दोघंही एकाच आवारात राहिले. डोक्यावरच्या पानांवर ऊन पडलं आहे. तोंड उघडा आणि भरपूर घ्या.

दहाव्या किलोमीटरच्या आसपास मन कुरकुरायला लागतं. त्याला काम द्या. १८९१.

या घराचा मालक, पाचवा मार्क्विस, आत्ता इथं नाही; १८८८ पासून तो कलकत्ता-सिमल्यात व्हाइसरॉय आहे. हिंदुस्थानातून त्यानं आणलेल्या वस्तू आजही घरातल्या दालनात मांडलेल्या आहेत. मला मात्र त्याची आठवण एका कायद्यानं येते. संमतिवयाचा कायदा, १९ मार्च १८९१. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा. बेहरामजी मलबारी १८८४ पासून या प्रश्नावर लिहीत होते. रखमाबाईंनी लहानपणी झालेल्या लग्नाला कोर्टात नकार देऊन सगळा देश हादरवला होता. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या हातून मेली होती. पुण्यात दोन मित्र समोरासमोर उभे राहिले. परक्या सरकारनं आमच्या घरात कायद्यानं शिरू नये, सुधारणा समाजातून यावी, असं टिळकांनी ‘केसरी’त ठासून मांडलं. आगरकरांनी ‘सुधारक’मधून कायद्याची बाजू लढवली. टिळकांचा मुद्दा मला समजतो. परसत्तेच्या दयेवर समाज सुधारत नाही, हे त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पण दहा वर्षांच्या मुलीला समाज जागा होईपर्यंत थांबायला सांगता येत नाही. आगरकर बरोबर होते. सदाशिव पेठेत ज्या कायद्यानं घरं दुभंगली, त्यावर सही करणारा माणूस लहानपणी या उतारावर खेळला होता, हे धावताना डोक्यात घोळू द्या. दोन किलोमीटर सहज निघून जातील.

पंधरा. टेबलावरून पाण्याचा पेला उचला, अर्धा प्या, अर्धा मानेवर ओता.

घर पुन्हा समोर येतं आणि ते तुमच्या अपेक्षेपेक्षा लहान आहे. कारण हे पूर्ण घर नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये या कुटुंबातले दोन भाऊ दहा दिवसांच्या आत युद्धात मारले गेले, धाकटा नॉर्मंडीत, सातवा मार्क्विस असलेला मोठा इटलीत. सगळं चुलतभावाकडे आलं. एवढा वाडा सांभाळणं परवडेना आणि १९५५ मध्ये मोठं घर पाडायचं ठरलं. तुम्ही धावता आहात त्या बाजूला लाकडी कामाचे तुकडे, छताची नक्षी, दारं-खिडक्या लिलावासाठी मांडल्या गेल्या. ॲडमनं सजवलेला भोजनकक्ष लंडनच्या लॉइड्स विमा बाजारानं विकत घेतला, आज तो त्यांच्या पोलादी इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आहे. ज्या खिडक्यांसाठी वाडी बुडवली त्यांतल्या बऱ्याच खिडक्या आता नाहीत. तळं आहे. उतार आहे. आणि आज तिकीट काढून आत आलेली माणसं त्यावर धावताहेत, कुणी परिचारिका, कुणी बसचालक, कुणी शिक्षिका, कुणी पुण्याहून लंडनला नोकरीला आलेला इंजिनिअर. या पार्कचा इतका मनापासून वापर कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

वीस. आता वर्ष नाही, इतिहास नाही. पोटऱ्या आवळतात, डाव्या अंगठ्याखाली फोड फुटला आहे, श्वास तीन पावलांना एक असा चालला आहे. हात जरा मागे खेचा, पाय त्यांच्यामागे येतात. शेवटचा चढ गवताचा आहे. तो संपला की हिरवळीवर कठड्यांची गल्ली सुरू होते, दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत आणि ध्वनिवर्धकावरचा निवेदक यादी बघून एकेकाचं नाव पुकारतो आहे. तुमच्या आडनावापाशी तो अडखळतो, पुन्हा प्रयत्न करतो, चुकीचं पण मोठ्यानं म्हणतो. लोक कठडे बडवतात. कमान ओलांडा. कुणीतरी वाकून घोट्याची चिप सोडवतं, गळ्यात पदक घालतं, हातात पाण्याची बाटली देतं.

दोन मिनिटं गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहा. मग कठड्यापाशी या. मागे अजून खूप जण चढावर आहेत, काही चालताहेत, एक बाई लंगडत धावते आहे. तुमचा आवाज बसला असला तरी तिला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडा: चढ संपला, ताई, आता नुसता उतार आहे!